पामुक्कलेला जाताय? पांढऱ्या पायऱ्या नंतर, आधी वरचं हिएरापोलिस बघा

उनाड पांथस्थ
मंडळी, तुर्कस्तानवर इथे धागे भरपूर आहेत. इस्तंबूल, बलून, कबाब सगळं येऊन गेलंय, त्यामुळे ते गाळतो आणि एकाच जागेबद्दल लिहितो. पामुक्कले. फोटो तुम्ही बघितलाच असणार, डोंगराच्या उतारावर पांढऱ्याफेक परातींची उतरंड आणि त्यात निळसर पाणी. पामुक म्हणजे कापूस, कले म्हणजे किल्ला. (आपला किल्ला आणि त्यांचा कले एकाच अरबी शब्दाची पोरं आहेत हे तिथल्या पाटीकडे बघताना एकदम टाळक्यात शिरलं.)

तर आमच्या टूरवाल्याने तिथे दीड तास दिला. चपला काढा, पाण्यात उभे राहा, फोटो काढा, बसमध्ये बसा. डोक्यावर अख्खं शहर पडलंय त्याबद्दल गाइड एवढंच म्हणाला की वर रोमन अवशेष आहेत, वेळ उरला तर बघा. वेळ कसला उरतोय. १९८८ साली युनेस्कोने ही जागा यादीत घेतली ती निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही खात्यांत, आणि यादीत नाव आहे हिएरापोलिस-पामुक्कले, म्हणजे शहर आधी. माझी चिडचिड बघून बायकोच म्हणाली की राहू एक दिवस, ग्रुपला नंतर गाठू. मग जवळच्या डेनिझली शहरात मुक्काम ठोकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या गेटने आत शिरलो.

हे उत्तरेचं गेट लक्षात ठेवा. खालच्या गावातून चढलात तर पायऱ्या आधी लागतात आणि वर पोचेस्तोवर तुम्ही उन्हाने अर्धमेले झालेले असता. उत्तरेकडून शिरलं की पहिल्यांदा लागतं स्मशान. जवळजवळ दोन किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही अंगांना थडगी, हजाराच्या वर. काही छपराच्या घरासारखी, काही गोल टेकाडं, काही नुसत्या दगडी पेट्या झाकण सरकवलेल्या. आणि एकदोन तर त्याच पांढऱ्या क्षारात अर्धी बुडालेली, जणू डोंगर त्यांना हळूहळू गिळतोय. बरं व्हायला लांबून माणसं यायची इथे, सगळी थोडीच बरी होऊन परत जाणार.

पेर्गामोनच्या अट्टालिड राजांनी इ.स.पू. दुसऱ्या शतकात हे गाव वसवलं, इ.स.पू. १३३ मध्ये शेवटच्या राजाने राज्यच रोमला मृत्युपत्रात देऊन टाकलं त्यात हेही गेलं. इ.स. ६० मध्ये नीरोच्या काळात भूकंपाने आडवं झालं, आणि आज जे उभं दिसतं ते बहुतेक त्यानंतरचं. तीन कमानींचं दगडी गेट, दोन्ही बाजूंना गोल बुरूज, हे फ्रॉन्टिनस नावाच्या सुभेदाराने डोमिशियन बादशहाच्या नावाने बांधलं. हाच फ्रॉन्टिनस पुढे रोमच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य झाला. गेटला लागूनच सार्वजनिक संडासाची लांबलचक इमारत आहे, बाहेरगावच्या माणसाला शिरताना पहिली गरज तीच असणार!

पण धागा काढायचं खरं कारण म्हणजे प्लुटोनियन. अपोलोच्या देवळाशेजारी जमिनीत एक भोक, त्यातून विषारी वायू (गंधकाचा असावा), आणि लोक म्हणायचे हे पाताळाचं दार. प्लुटो म्हणजे त्यांचा यम. बैल आत नेला की मरून पडायचा आणि त्याच्याबरोबर गेलेले पुजारी मात्र चालत बाहेर. आता मला सांगा, हे पुजारी भोंदू होते का त्यांना खरंच वाटायचं की देव आपल्याला वाचवतोय? बायकोचं आणि माझं यावरून डेनिझलीपर्यंत वाजलं.

मुद्देसूद
यात विचारायचं काय? शुद्ध भोंदूगिरी. नाक कुठे न्यायचं आणि कुठे नाही हे त्यांना माहीत होतं, भाविकांना नव्हतं, तेवढ्यावर दुकान चालायचं. बाकी वर्णन मस्त, पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

खडकवाचक
उनाडराव, एक दुरुस्ती. गंधक नाही, कार्बन डायऑक्साइड. आणि हा मुद्दा बारीक नाही, कारण त्या शहराचं सगळं गणित या एका वायूवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

हिएरापोलिस बरोब्बर एका भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या खोल भेगेवर बसलंय. खालून गरम पाणी येतं, एकूण सतरा झरे, तापमान कुठे ३५ अंश तर कुठे उकळतं. ते पाणी चुनखडीतून येताना भरपूर कॅल्शियम विरघळवून आणतं, आणि ते विरघळलेलं राहतं ते पाण्यात दाबाखाली असलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. उघड्यावर आलं की वायू उडतो, कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. बोअरचं पाणी रोज तापवल्यावर पातेल्याच्या बुडाला जो पांढरा थर धरतो ना, तोच हा प्रकार, फक्त हजारो वर्षं चाललेला. सुरुवातीला जेलीसारखं मऊ असतं, मग टणक दगड होतो. लोकांना पायातले बूट काढायला लावतात ते याचसाठी.

म्हणजे बघा, भेग एकच. तिच्यातून गरम पाणी आलं म्हणून गाव वसलं, पाण्यातून दगड झाला त्या दगडाने गाव बांधलं (गेट, थडगी, सगळं ट्रॅव्हर्टाइन), तिच्यातून वायू आला म्हणून देव आला, आणि तीच भेग हलली की गाव पडायचं. असं असूनही प्रत्येक भूकंपानंतर लोकांनी देऊळ परत त्याच भेगेवर बांधलं. आमच्या दृष्टीने याहून वाईट साइट सिलेक्शन नाही.

हरिपूरची
खडकवाचक दादा, तुमचं वाचून अंगावर काटाच आला. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खड्डे, तोंड लहान आणि पोट मोठं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, तोंड उघडं टाकायचं, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा, कंदील विझला की आत वारं वाईट आहे असं म्हणायचे. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. आजोबा सांगायचे की वाकू नकोस, उभा राहा, वाकलेला माणूस पडतो. तेव्हा वाटायचं म्हातारपणीची बडबड.

खडकवाचक
@हरिपूरची, आजोबा शंभर टक्के बरोबर. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तळाशी पाण्यासारखा साठतो. हिएरापोलिसला जर्मनीच्या हार्डी फान्झ यांच्या गटाने हेच मोजलं, २०१८ ला प्रसिद्ध झालं. देवळासमोरच्या खोलगट अंगणात रात्रभर वायूचं तळं भरतं. दिवसा ऊन आणि वारा ते मोडतात, पण पहाटे जमिनीलगत चाळीसेक सेंटिमीटरपर्यंत ते जीव घेण्याइतकं दाट असतं. आतल्या गुहेत तर प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जातं. आजही तिथे मेलेले पक्षी आणि किडे सापडतात. बैलाचं नाक खाली, माणसाचं वर. बैल मान खाली घालतो, गुंगी येते, आणखी खाली जातो, संपला.

मुद्देसूद
म्हणजे मी म्हटलं तेच सिद्ध झालं की. धन्यवाद.

गोदाकाठ
मुद्देसूद, थांबा जरा, इतकं सोपं नाही हो ते. स्ट्रॅबो स्वतः तिथे गेला होता (इ.स.पू. पहिल्या शतकातला भूगोलवाला, तो त्याच भागातला, आशिया मायनरचा) आणि त्याने जे लिहिलंय ते वाचलं तर हा माणूस भाविकही नाही आणि खिल्ली उडवणाराही नाही, सरळ प्रयोग करतो. म्हणतो, भोक माणूस मावेल एवढं, समोर चौकोनी कठडा, आत वाफ इतकी दाट की जमीन दिसत नाही. चिमण्या आत सोडल्या, लगेच मरून पडल्या. मग येतात गल्ली, म्हणजे सिबिली देवीचे खच्ची केलेले पुजारी (हा त्यांचा शब्द आहे, आपली गल्ली नव्हे). ते तोंडाशी जातात, वाकतात, थोडे आत उतरतात. आणि आता खरी गंमत, स्ट्रॅबो म्हणतो की ते श्वास रोखून धरतात, कारण त्यांच्या चेहऱ्यावर गुदमरल्याची खूण मला दिसली.

म्हणजे पुजाऱ्याचा गुदमरलेला चेहरा दोन हजार वर्षांपूर्वीच एका माणसाने टिपून ठेवलाय. आणि तरीही तो भोंदू म्हणून मोकळा होत नाही. यादी करतो, खच्ची असल्यामुळे होत असेल का, का फक्त या देवळातल्यांनाच जमतं, का दैवी कृपा, का काही उतारा घेतात? त्यानंतर दोनेकशे वर्षांनी कॅसियस डिओ नावाचा इतिहासकार जातो, तोही पक्षी सोडून बघतो, स्वतः वाकून वाफ बघतो आणि सरळ लिहितो की कारण मला कळत नाही. आपल्यापेक्षा प्रामाणिक माणसं!

मला विचाराल तर श्वास रोखणं आणि श्रद्धा असणं यात भांडण नाहीच. अंगारावरून चालणाऱ्याला विचारा, तो पावलं भराभर टाकतोच, आणि देवीनेच तारलं असंही मनापासून म्हणतो.

मुद्देसूद
अंगारावरून चालणारा बैल मारत नाही. पण चेहऱ्याचं माहीत नव्हतं, ते भारी आहे.

उनाड पांथस्थ
गंधकाबद्दल सपशेल माघार, बायको हसतेय. ती गोदाकाठच्या बाजूची होती हे सांगायला नको.

एक राहिलं. आम्हाला वाटलं प्लुटोनियन म्हणजे देवळाच्या कडेची छोटी कमान, तीच बरेच जण फोटोत दाखवतात. खरं ठिकाण त्याच्या शेजारी आहे, इटालियन पथकाने २०१३ ला जाहीर केलं. गरम पाण्याच्या वाटेचा माग काढत गेले तर दार सापडलं, वर प्लुटो आणि कोरे (त्याची बायको) यांना अर्पण केलेला लेख, समोर बसायला नाटकगृहासारख्या पायऱ्या. म्हणजे भाविक बसून बघायचे! पाताळाचा राखणदार तीन डोक्यांचा कुत्रा, त्याचा पुतळापण सापडलाय, म्युझियम जुन्या रोमन स्नानगृहातच आहे तिथे जरूर जा. आत ख्रिस्ती काळात मुद्दाम फोडतोड करून जागा बुजवली होती म्हणे.

वसईकर पांढरी टोपी
उनाडभाऊ, धागा लय भारी, पण अर्धंच गाव बघितलंत तुम्ही! वर डोंगरावर चढलात का नाही? आमच्या पॅरिशचा ग्रुप गेला होता, आमच्यासाठी पामुक्कले म्हणजे संत फिलिपचं गाव, पायऱ्या नंतरच्या.

येशूच्या बारा प्रेषितांपैकी फिलिप इथे मरण पावला अशी जुनी परंपरा आहे, इ.स. ८० च्या सुमाराला. बायबलमध्ये या गावाचं नाव एकदाच येतं, कलस्सैकरांस पत्रात, शेजारच्या लावदिकीयाबरोबर. कलस्सै, लावदिकीया, हिएरापोलिस, तिन्ही गावं एकाच खोऱ्यात. वर पाचव्या शतकातलं मार्टिरियम, म्हणजे हुतात्म्याचं स्मारक-चर्च आहे, मधोमध अष्टकोन आणि भोवती चौकोनात यात्रेकरूंच्या खोल्या. आमच्या आजीला गुडघ्यांमुळे सगळा ग्रुप म्हणत होता की खाली थांब, ती कुणाचं ऐकते, काठी टेकत टेकत जुन्या दगडी पायऱ्यांनी वर आलीच. वर पोचल्यावर एकच वाक्य बोलली, एवढ्या वर कबर कोण बांधतं?

तर कबर तिथे नाहीच! सगळे वर्षानुवर्षं मार्टिरियमच्या मध्यात खणत होते. २०११ ला फ्रान्चेस्को द'आंद्रिया यांच्या पथकाला चाळीसेक मीटरवर दुसरं चर्च सापडलं, आणि त्या चर्चच्या पोटात पहिल्या शतकातली रोमन कबर. म्हणजे आधी कबर, मग तिच्याभोवती चर्च. त्यांचं म्हणणं हीच फिलिपची. अवशेष आत नाहीत, ते कॉन्स्टॅन्टिनोपल आणि तिथून रोमला गेले असं मानतात. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एका म्युझियममध्ये भाकरीवर उमटवायचा जुना काशाचा शिक्का आहे त्यात फिलिप उभा आणि दोन बाजूंना दोन इमारती, त्या शिक्क्यावरून त्यांना दुसऱ्या चर्चची शंका आली होती. मला हे वाचून इतका आनंद झाला ना, भाकरीच्या शिक्क्यावर नकाशा!

गोदाकाठ
टोपी साहेब, छान माहिती. फक्त एक काडी टाकतो, प्रेषित फिलिप का सुवार्तिक फिलिप हा घोळ जुना आहे. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत दुसरा एक फिलिप आहे, त्याला चार मुली, भविष्य सांगणाऱ्या. आणि दुसऱ्या शतकाच्या शेवटी इफिससच्या बिशपचं पत्र आहे त्यात प्रेषित फिलिप मुलींसह हिएरापोलिसला पुरलाय असं म्हटलंय. दोन फिलिप, दोघांनाही मुली, त्यामुळे जुन्या लोकांनीच दोघांची खिचडी केली असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

वसईकर पांढरी टोपी
माहीत आहे हो. आजीला नाही सांगितलं.

चक्रमादित्य
सगळे देव देव करताय, आम्हा मेकॅनिकलवाल्यांची पंढरी त्याच स्मशानात आहे! मार्कस ऑरेलियस अम्मियानोस (बादशहा वेगळा, हा गिरणीवाला) नावाच्या माणसाची दगडी शवपेटी, तिसऱ्या शतकातली. तिच्यावर चित्र कोरलंय, पाणचक्की, तिच्यावरून दाते असलेली चाकं, आणि तिथून क्रँक आणि कनेक्टिंग रॉड दोन करवतींना, करवती दगड कापतायत. गोल फिरणारी गती सरळ पुढेमागे! हे यंत्र जगात पहिल्यांदा कुठे दिसतं तर इथे, एका मेलेल्या माणसाच्या पेटीवर. आणि लेखात स्वतःला डेडालससारखा (ग्रीक पुराणातला कारागीर) कसबी म्हणवून घेतलंय. मी असतो तर मीपण लिहिलं असतं. तुमच्या गाडीच्या इंजिनात आज तोच क्रँक आहे मंडळी.

बाजूलाच फ्लेवियस झ्यूक्सिस नावाच्या व्यापाऱ्याचं थडगं, त्यावर लिहिलंय की ग्रीसच्या दक्षिण टोकाचं मालेआचं भूशिर वळसा घालून इटलीला बहात्तर वेळा गेलो. ती जागा वादळांसाठी बदनाम. बहात्तर वेळा जाऊन घरी येऊन मेला, लिहायलाच पाहिजे ना.

मंजुळा
व्यापार कशाचा तर लोकरीचा असणार. हे सगळं खोरं लोकर आणि रंगाऱ्यांचं. स्ट्रॅबोनेच लिहिलंय की इथल्या पाण्यात मुळीपासून रंगवलेली लोकर किरमिजी आणि समुद्री जांभळ्याशी स्पर्धा करते. ती मुळी म्हणजे आपल्या मंजिष्ठेची तिकडची बहीण. मी नैसर्गिक रंगकाम करते, त्यामुळे सांगू शकते की मंजिष्ठेला चुनायुक्त जड पाणी फार मानवतं, लाल खुलतो. एरवी ज्या पाण्याने आपण वैतागतो त्यावर या गावाने पैसा केला.

आणि धर्माचं म्हणाल तर मला सगळ्यात आवडलेलं थडगं एका ग्लायकॉनचं. त्याने जांभळ्या रंगाऱ्यांच्या संघाकडे पैसे ठेवले, व्याजातून बेखमीर भाकरीच्या सणाला, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडणाला, माझ्या थडग्यावर हार घाला. आणि गालिचे विणणाऱ्यांच्या संघाकडेही ठेवले, अर्धे पेंटेकॉस्टला (वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवशीचा सण) आणि अर्धे रोमन नववर्षाला! स्वतः ज्यू होता का नुसता त्या बाजूला झुकलेला, यावर पंडित भांडतात. मला वाटतं त्याने सगळ्या शेजाऱ्यांना आपली आठवण यावी एवढीच सोय केली होती.

आबा प्रवासी
मी १९९० साली कंपनीच्या कामाने इझमिरला होतो तेव्हा गेलो होतो. त्या वेळी वर, अवशेषांच्या अंगावरच हॉटेलं होती, पांढऱ्या कड्याला खेटून. गरम पाणी आधी हॉटेलांच्या पोहण्याच्या टाक्यांत आणि उरलं तर उतारावर. त्यामुळे कितीतरी पायऱ्या करड्या, मळकट पडल्या होत्या, आणि मधून चक्क गाड्यांचा रस्ता. पुढे नव्वदीत हॉटेलं पाडली, रस्ता बंद केला आणि त्या रस्त्यावर कृत्रिम कुंडं केली. आता तुम्ही लोक अनवाणी ज्या कुंडांतून चालता ना, त्यातली बरीचशी तीच. मला कुणी सांगितलं तेव्हा मी हसलो, कारण मी तिथून टॅक्सीने गेलोय.

उनाड पांथस्थ
आबा!! म्हणजे माझा अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात लाइक पडलेला फोटो डांबरी रस्त्यावरचा आहे तर.

मुद्देसूद
😂😂

टंकाळा
वाचनखूण साठवली. ऑक्टोबरमध्ये जातोय आईबाबांबरोबर. ते क्लिओपात्रा पूल प्रकरण काय आहे, वर्थ आहे का? आणि बाबांना गुडघेदुखी, किती चालावं लागतं?

उनाड पांथस्थ
क्लिओपात्राचा तिथे काडीचाही संबंध नाही, नाव पर्यटकांसाठी. पण तळं भारी आहे, पाणी ३६ अंशांच्या आसपास, आणि तळाशी खरे संगमरवरी खांब पडलेत, भूकंपात कोसळलेले. त्यांच्यावर बसून माणसं मोबाईल कोरडा ठेवत असतात. तिकीट वेगळं लागतं. अवशेषात बसायची एवढी सोय दुसरीकडे कुठे नाही म्हणून बाबांना तिथे बसवा आणि तुम्ही नाटकगृह गाठा, मंचाची भिंत सेव्हेरस बादशहाच्या काळातली, अपोलो आणि आर्टेमिसची कोरीव शिल्पं, वरच्या पायरीवरून सगळं खोरं दिसतं. चालणं खूप आहे, पण आत बॅटरीच्या गाड्या फिरतात, त्या उत्तरेच्या बाजूलाही जातात. सेल्चुकहून डेनिझलीला ट्रेन आहे, तिथून मिनीबस. पाण्याची बाटली न्या, सावली शून्य.

हरिपूरची
टंकाळा, प्लुटोनियनच्या दाराशी वाकून फोटो काढू नका एवढंच. आजोबांकडून सांगतेय.

खडकवाचक
आता तिथे कठडा आहे, तितकं जवळ जाता येत नाही. तरी पहाटे कुणी सोडलंच तर उभेच राहा.

वसईकर पांढरी टोपी
आणि टंकाळा, बाबांना वर मार्टिरियमला नेऊ नका. आजी तिथून उतरायला पाऊण तास लागली होती, आणि उतरून झाल्यावर म्हणाली, त्या चाळीस मीटरवरच्या कबरीत नेलंच नाहीस मला.